सुटका झालेला पॉइंटर घरी आणताना

आपण सुटका झालेला पॉइंटर, म्हणजे शिकारीत सावज दाखवणाऱ्या जातीचा कुत्रा, घरी आणत आहात, याचा आनंद वाटला. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी असल्यामुळे त्याला घरचा सोबती म्हणूनच आणावे. नवखे लोक पहिल्याच आठवड्यात त्याला मोकळे सोडतात, ही सर्वांत मोठी चूक होय, कारण माडाखाली लावा पक्षी फडफडला की पुढचा पाय उचलून तो क्षणभर थिजतो आणि दुसऱ्या क्षणी गडग्यापलीकडे असतो. सुरुवातीला लांब दोरी हातातून सोडू नये. आमची कुत्री दोन दिवस पडवीतल्या बाकाखालून हलली नव्हती. आम्ही तिला ओढले नाही, शेवटी पेजेच्या वासानेच ती बाहेर आली. पावसाळ्यात कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी रोज पाहाव्यात, आणि रेबीजबरोबर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) लसही पशुवैद्यकांकडून वेळेत टोचून घ्यावी. बाकीचे शिक्षण सावकाश.