आयएल-8 न घालताच न्यूट्रोफिल चेतले असतील, तर आधी पाणी तपासा

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. कंट्रोलच्या नळीतच, म्हणजे जिथे आयएल-8 घातलेलंच नाही तिथे, न्यूट्रोफिलांवर (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर) सीडी11बी वाढलेलं, एल-सिलेक्टिन गळून गेलेलं, या दोन्ही पेशी चेतल्याच्या खुणा; आणि आयएल-8 (त्यांना चेतवणारं संदेश-प्रथिन) घातल्यावर फरक शून्य. हेच मी चार महिने बघत होते. आयएल-8 चे तीन लॉट बदलले, डोस दहापट केला. दोष तिथे नव्हताच.

बफरचं पाणी आम्ही सामाईक यंत्रावरून आणायचो. शंका आल्यावर यंत्र सांभाळणाऱ्या विभागाला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, रीडिंग 18.2 आहे, पाणी उत्तम आहे. अहो, 18.2 मेगाओहम म्हणजे पाण्यात क्षार नाहीत, एवढंच! एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस हे द्रव्य, त्या आकड्यात दिसत नाही. हे त्यांना ठाऊक असायलाच हवं होतं; मला आजही त्याचा राग येतो. शेवटी एलएएल टेस्ट (एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी) बाहेरून करून घेतली, तेव्हा उलगडा झाला: एंडोटॉक्सिन पाण्यातच होतं.

चूक माझीही होती. ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे झालं, असं मी धरून चालले. त्यात जंतू मरतात, त्यांच्या कवचातलं एलपीएस शाबूत राहतं. काचेच्या बाटल्यांना 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास तरी द्यावी लागते.

एवढ्याशा एलपीएसने इतका गोंधळ का? न्यूट्रोफिल ते थोडंफार स्वतः ओळखतात, पण माझ्या मते खरे उपद्व्यापी म्हणजे रक्तातून न्यूट्रोफिल वेगळे करताना त्यांच्यात मागे राहिलेले एक-दोन टक्के मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी). ते टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) आणि आयएल-8 बनवून सोडतात. टीएनएफने न्यूट्रोफिल 'प्राइम' होतात: एकट्या टीएनएफने तरंगत्या पेशी फारसा सुपरऑक्साइड (जंतू मारायला वापरला जाणारा ऑक्सिजनचा प्रकार) सोडत नाहीत, पण त्यावर एफएमएलपी (न्यूट्रोफिल चेतवणारं छोटं पेप्टाइड) दिलं की कित्येक पटींनी सोडतात. आणि आयएल-8 आधीच भेटलं असेल तर ते धरणारे सीएक्ससीआर2 रिसेप्टर काही मिनिटांत पेशीच्या आत ओढले जातात. मग तुम्ही वरून घातलेलं आयएल-8 धरणार कोण? तुमच्या कंट्रोलमध्ये दाह आधीच सुरू झालेला असतो.

थेंबभर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शांत न्यूट्रोफिल गोल दिसतात. चेतलेले लांबट, एका टोकाला पसरट. मला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं, मी ते 'हाताळणीमुळे असेल' म्हणून सोडून दिलं.

एक कंट्रोल पॉलिमिक्झिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं प्रतिजैविक) घालून लावा. पेशी शांत राहिल्या तर एलपीएसच. नाही राहिल्या तरी पाणी निर्दोष ठरत नाही, जिवाणूंचे लिपोपेप्टाइड हे पेशी चेतवणारे दुसरे घटक त्याने अडत नाहीत. शिवाय पेशी बर्फावरून थेट 37 अंशांत नेऊ नका, आणि चेतवण्याच्या वेळेपर्यंत बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नको.

हा सगळा अनुभव नळीतल्या पेशींचा आहे. कुणी रुग्णाच्या रिपोर्टला लावू नये, ते डॉक्टरांना विचारा. एलएएलचा आकडा आला की इथे नक्की कळवा, बफरचा आणि आयएल-8 च्या स्टॉकचा वेगवेगळा.