ऑब्जेक्ट कळत नाहीत, कुठून सुरुवात करू?

प्रश्न : मला सी येते. लूप, फंक्शन, पॉइंटर जमतात. पण ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की 'प्राणी हा क्लास, कुत्रा हा त्याचा सबक्लास' यापुढे गाडी सरकत नाही. नवख्याला झेपेल अशी मोफत, ओपन सोर्स भाषा सुचवाल का?
– एक वाचक

उत्तर : दोष त्या कुत्र्या-मांजरांच्या उदाहरणांचा आहे. वर्गवारी कशी करायची एवढंच त्यातून कळतं. प्रोग्रॅम चालतो कसा, याचा पत्ता लागत नाही. तुम्हाला बहुतेक जण जावा किंवा पायथन सांगतील. मी फारो सांगेन, आणि आग्रहाने सांगेन.

फारो ही स्मॉलटॉकच्या घराण्यातली. स्मॉलटॉक १९७०च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तिच्या स्क्वीक या ओपन सोर्स अवतारातून २००८ साली फारो वेगळी झाली. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालते.

इथे सगळा कारभार संदेशांवर चालतो. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला संदेश पाठवतो आणि त्यावर काय करायचं ते घेणारा ठरवतो. बेरीजसुद्धा २ या ऑब्जेक्टला पाठवलेला संदेशच. म्हणून २ + ३ * ४ लिहिलंत तर उत्तर २० येईल : संदेश डावीकडून उजवीकडे जातात, गुणाकाराला अग्रमान नाही. १४ हवे असतील तर कंस घाला. सीची सवय असलेल्यांना हे खटकतं, पण नियम समजला की मनात पक्का बसतो.

आता खरी गंमत. प्लेग्राउंड नावाच्या खिडकीत 'ट्रू नॉट' लिहून प्रिंट करा, उत्तर फॉल्स. मग ब्राउझर (इंटरनेटचा नव्हे, फारोमधली कोड वाचायची खिडकी) उघडून नॉटचा कोड वाचा. सीची सवय तुम्हाला तिथे इफ शोधायला लावेल, पण तो सापडणार नाही. बूलियन या क्लासचे ट्रू आणि फॉल्स असे दोन सबक्लास आहेत. ट्रूमधला नॉट नुसता फॉल्स परत करतो, फॉल्समधला ट्रू. संदेश ज्याला मिळाला त्याला स्वतःबद्दल ठाऊकच असतं, मग तपासायचं कशाला? एकाच संदेशाला प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर द्यायचं, पॉलिमॉर्फिझम म्हणतात तो हाच. माझ्या मते याहून चांगला पहिला धडा नाही, आणि तो भाषेच्या स्वतःच्या कोडमध्ये उघडा पडलेला आहे. अगदी इफसुद्धा इथे बूलियनला पाठवायचा संदेश आहे; त्याचाही कोड असाच वाचून काढा.

चुकलात तरी घाबरू नका. ऑब्जेक्टला न कळणारा संदेश पाठवला की डीबगर उघडतो. तिथेच 'क्रिएट' दाबून ती मेथड, म्हणजे त्या संदेशावर काय करायचं ते सांगणारा कोड, लिहायची आणि थांबलेला प्रोग्रॅम तिथूनच पुढे न्यायचा. नवख्याला याचा फार आधार वाटतो.

अडचणीही सांगतो. कंपाइल झालेला कोड आणि चालू ऑब्जेक्ट सगळे 'इमेज' नावाच्या एका फाइलमध्ये राहतात, त्यामुळे नेहमीच्या टेक्स्ट एडिटरची सवय बाजूला ठेवावी लागते. फारोच्या नोकऱ्याही जावाच्या तुलनेत फारच कमी. नोकरीसाठीच शिकत असाल तर नंतर जावा जरूर घ्या. मात्र आधी फारोमध्ये एखादा छोटा खेळ किंवा हिशेबाची वही पूर्ण करा. मग जावातला इंटरफेस कशासाठी असतो, ते मला विचारावं लागणार नाही.