फ्रेंचमध्ये लिहायचंय, पण वाचणार कोण?

प्रश्न : मुलगी पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फ्रेंचची मधल्या पातळीची बी-१ परीक्षा पास झाली आहे. अल्जीरियाच्या कमाल दाऊदसारखं फ्रेंचमधून कादंबऱ्या आणि पेपरात सदर लिहायचं म्हणते. यात पोट भरेल का? तिने लिहिलेली आठ पानं सोबत पाठवते आहे.
– एक आई, निफाड

उत्तर : ताई, नमस्कार.

नुसत्या कादंबऱ्यांवर घर चालेल, असं मी सांगणार नाही. पण मुलीने माणूस भला निवडलाय. दाऊद १९७० साली मोस्तागानेमजवळच्या मेस्रा गावात जन्मले. घरात अरबी, शाळा अरबीतून. फ्रेंच त्यांनी बरंचसं पुस्तकं वाचून स्वतःच कमावलं. नव्वदच्या दशकात देशात रक्तपात चालू असताना ते ‘ल कोतिदियां दोरां’ या ओरान शहरातल्या फ्रेंच दैनिकात लागले. हत्याकांड झालेल्या गावात जाऊन बातम्या दिल्या. पुढे तिथेच ‘राइना राइकुम’, म्हणजे ‘आमचं मत, तुमचं मत’, हे सदर वर्षानुवर्षं लिहिलं. पहिली कादंबरी थेट २०१३ ची. फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या ‘लेत्रांजे’ या कादंबरीत मारल्या गेलेल्या अरबाला नावच नाही, दाऊदनी त्याला मुसा हे नाव दिलं आणि त्याच्या भावाला बोलतं केलं. तिचं बीजही आधी एका सदरातच पडलं होतं. २०२४ चा गोंकूर, म्हणजे फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार, त्यांच्या ‘ऊरी’ला मिळाला, ती त्याच रक्तपाताची कादंबरी. मायदेशी ती छापता आली नाही. त्याआधी, २०१४ मध्ये, एका धर्मगुरूने त्यांना जाहीर मृत्युदंड द्या अशी मागणी केली होती. हेही मुलीला ठाऊक असू द्या.

आता फरक बघा. फ्रान्सने अल्जीरियावर १३२ वर्षं राज्य केलं, म्हणून ओरानमध्ये सकाळी फ्रेंच पेपर उघडणारा वाचक आहे. दाऊद आपल्याच गावाशी बोलत होते. आपल्याकडे तो वाचक मराठी पेपर उघडतो. म्हणून सदर मराठीत सुरू करू दे. जिल्हा आवृत्तीच्या पुरवणीत जागा मिळाली तरी पुष्कळ. दर आठवड्याला ठरल्या वारी ठरलेले शब्द द्यायची शिस्त तिथेच लागते.

फ्रेंच मुळीच सोडायचं नाही. पुढची पातळी बी-२ करू दे, मग त्यावरची सी-१. शिकवणी आणि भाषांतर यांतून कमाई सुरू होईल, आणि फ्रेंच कादंबरी लिहायची ताकदही तोवर येईल.

तिची पानं मी दोनदा वाचली. साडेसहा पानं पॅरिसच्या पावसात जातात, आणि ते पॅरिस तिने पाहिलेलं नाही. मग अचानक आजी येते. मण्यांवरचा पांढुरका थर पुसला जाऊ नये म्हणून घड देठाला धरून कात्री चालवणारी. तिथे माझं वाचन थांबलं. व्याकरणाच्या दोन चुका आहेत, असू देत.

पॅरिसची पानं ठेवा नाहीतर टाका. पहिला लेख आजीवर होऊ दे, आणि असे चार झाले की माझ्याकडे पाठवा.