गवत कापायचं मशीन पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद का पडतं?

तुमचं मशीन गार असताना पहिल्या दोरीत सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं नीट चालतं आणि मग बंद पडतं. अर्ध्या तासाने परत चालू. प्लग नवा टाकलाय, फिल्टर साफ आहे, कार्बोरेटरही एकदा धुऊन झालाय. अगदी हाच त्रास मी एक अख्खा उन्हाळा काढलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सोलापुरात होटगी रोडला एका मंगल कार्यालयाचं लॉन बघतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि त्याच दिवसांत पारा ४२ च्या वर. कार्याच्या दिवशी सकाळी हिरवळ कापून, झाडून, पाणी मारून तयार लागते. नेमकं तेव्हाच मशीन बसायचं. गॅरेजला नेलं की वाटेत गार व्हायचं आणि तिथे एका झटक्यात सुरू. मेस्त्री म्हणायचे, "चांगलं तर चालतंय की!" दोनदा कार्बोरेटर खोलला, पैसे गेले, दोष तसाच. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की असं मशीन जिथे बंद पडतं तिथेच, गरम असतानाच तपासायचं. पहिली दोन-तीन मिनिटं हातची गेली की काहीच सापडत नाही.

सगळ्यात आधी बंद पडतानाचा आवाज ऐका. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन वर-खाली होतं, गचके खातं, दम लागल्यासारखं करतं आणि मग बसतं. तेवढ्यात चोक ओढला तर क्षणभर सावरतंही. प्लगला मिळणारा करंट तुटत असेल तर यातलं काही होत नाही. कुणी बटण दाबावं तसं एकदम बंद.

आमचं पहिल्या प्रकारचं होतं. एकदा बंद पडल्यावर मी पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर "फुस्स" करून हवा आत ओढली गेली. झाकण लावलं, दोरी ओढली, मशीन सुरू! बहुतेक मशीनमध्ये पेट्रोल टाकीतून नुसत्या उताराने खाली येतं. जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. आमच्या झाकणाचं आतलं पॅकिंग काढून बघितलं तर धूळ, तेलाचा ओशटपणा आणि गवताचा भुसा मिळून काळी लुकण बसलेली. उजेडाकडे धरलं तरी भोक दिसेना. टाकी गच्च भरली की मशीन लवकर का बसायचं, तेही तेव्हा कळलं. भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच थोडी, त्यामुळे पोकळी लगेच तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं.

तुम्हीही सपाट जागेवर झाकण पाव आटा सैल ठेवून अर्धा तास चालवून बघा. चाललं तर दोष सापडला. मात्र हे फक्त तपासण्यापुरतं. सैल झाकणाने रोज काम करू नका, तापलेला सायलेन्सर तिथून हातभरही लांब नसतो.

एकदम बंद पडत असेल तर करंट बघा. खिशात एक जुना चालू प्लग ठेवा. टाकीचं झाकण घट्ट बंद करा, इंजिनच्या प्लगची टोपी काढून या जादा प्लगला लावा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या बॉडीला टेकवा. इंजिनमधला प्लग काढू नका, त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेट घेऊ शकते. दुसऱ्या माणसाला हँडलची दांडी दाबून धरायला सांगा, कारण दांडी सुटली की प्लगला करंट देणारी कॉइल अर्थ होते, म्हणजे तिचा करंट बॉडीत जातो, आणि ठिणगी येतच नाही. मग दोरी ओढा. पातंही फिरणार, तेव्हा पाय लांब. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर निळी, कडक ठिणगी, म्हणजे कॉइल तापल्यावर करंट तोडतेय. पण नवी कॉइल आणण्याआधी तिच्यापासून दांडीकडे जाणारी बारीक वायर हाताने चाचपून बघा. तिचं रबर घासून ती बॉडीला टेकत असेल तरीही मशीन असंच थांबतं. कॉइल बदललीच, तर इंजिनच्या फिरत्या चाकावरचा मॅग्नेट आणि तिच्यामधलं अंतर पुस्तिकेतून बघून घ्या. बऱ्याच इंजिनांना ०.३ मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी.

वरचं कव्हर काढलंत की सिलिंडरच्या फिनांमधलं, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांमधलं, वाळलेलं गवतही काढा. हे इंजिन हवेवरच गार होतं आणि आपल्या उन्हात ती फटच बंद असेल तर काही खरं नाही.

पेट्रोलचंही बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत येतं, आणि या लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पूर्ण काढून टाका आणि कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा.

यातलं काहीच नसेल तर शेवटी व्हॉल्व्हची सेटिंग राहते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट. होंडाच्या जीएक्सव्ही १६० इंजिनला गार असताना इनटेक (आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१५ आणि एक्झॉस्ट (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.२० मिलिमीटर फट लागते. ती कमी झाली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं. गरम असताना दोरी नेहमीपेक्षा हलकी लागते का, यावरून अंदाज येईल.

आधी झाकण बघा. फरक पडला नाही तर बंद पडतानाचा आवाज कसा होता, टाकी किती भरलेली होती आणि मशीन कुठलं आहे, एवढं इथे लिहा.