चवली म्हणजे चार आणे नव्हेत

‘आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी चवलीत चहा आणि भजी मिळत. चवली म्हणजे चार आणेच ना? आणि आजच्या हिशेबाने ती किती रुपयांची?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे आणि अधेली म्हणजे आठ आणे. स्वस्ताईच्या आठवणी रंगवून सांगणारे लोक ‘चवली, म्हणजे चार आणे’ असा खुलासा हल्ली इतक्या सहजपणे करतात की ऐकताना चीड येते. कारण त्या एका चुकीने त्या काळातल्या चहाची, भज्यांची आणि भाजीच्या जुडीची किंमत एकदम दुप्पट होते.

घोटाळा होतो तो हिंदीतल्या ‘चवन्नी’मुळे. चवन्नीत ‘आना’ हा शब्दच दडलेला आहे, म्हणून ती चार आण्यांची. चवलीतला ‘चव’ही चारच सांगतो, पण ते चार आणे नव्हेत, चार वाल होत; वाल हे सोने-चांदी तोलण्याचे जुने वजन. सोनाराच्या ज्या कोष्टकात तीन गुंजांचा एक वाल धरतात, त्यात ९६ गुंजांच्या तोळ्याचे ३२ वाल होतात. रुपया तोळाभर वजनाचा होता. तेव्हा चार वाल चांदी म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयाचा आठवा हिस्सा, म्हणजेच नेमके दोन आणे. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि दोन आण्यांचे चांदीचे नाणे १.४६ ग्रॅमचे होते. भागाकार करून पाहावा. चौवाल, चवल, चवली असा हा प्रवास मला तरी निःसंशय वाटतो, आणि ‘चौथा’चा ‘चवथा’ करणाऱ्या आपल्या जिभेला तो मुळीच अवघड नाही. नाण्याच्या नावात त्याचे वजन जपून ठेवणारा हा शब्द मला फार प्रिय आहे.

दोन आण्यांचे नाणे चौकोनी होते म्हणून ते चवली, असे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. ते नाणे चौकोनी झाले १९१८ साली, चांदी जाऊन निकेल आल्यावर. त्याआधी ते गोलच होते. शिवाय १९५० नंतरचे अर्ध्या आण्याचे नाणेही चौकोनी होते, त्याला कोणी चवली म्हटले नाही. ‘चवली-पावली’ हा ‘बाजारहाट’सारखा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे, हा युक्तिवादही टिकत नाही, त्यात लहान नाणे आधी आणि मोठे नंतर, असा सरळ चढता क्रम आहे.

अर्थ घसरला तो १ एप्रिल १९५७ नंतर. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्यानंतर पावलीला २५ पैशांचे आणि अधेलीला ५० पैशांचे नाणे मिळाले; चवलीच्या वाट्याला मात्र साडेबारा पैसे आले आणि तेवढ्याचे नाणेच नव्हते. पावली २०११ च्या जूनअखेरपर्यंत चलनात राहिली. चवली त्याच्या कितीतरी आधी हातातून गेली, शब्द तेवढा ओठांवर उरला, आणि नाणे कधीच न पाहिलेल्यांनी त्याला चवन्नीचा अर्थ चिकटवला.

आमच्याकडे आजीची १९५३ सालची जमाखर्चाची वही आहे. जुन्या रीतीप्रमाणे तिने पावलीला एक उभी रेघ आणि आण्याला एक आडवी रेघ मारली आहे. एका पानावर ‘चवली मोडली’ असे लिहून पुढे तिने दोन आडव्या रेघा ओढल्या आहेत आणि खाली नोंद केली आहे: ‘मेथी ५ पैसे, परत ३ पैसे.’ आण्याचे पैसे चार. पाच आणि तीन मिळून आठ पैसे, म्हणजे दोन आणे.