वादळाला नाव पडायची वाट बघू नका

प्रश्न: सर, माझी चार एकर सोयाबीन कापून वावरात पडलीय, हडंबा (मळणीयंत्र) दोन दिवसांनी मिळणारय. ग्रुपवर सारखं फिरतंय की बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ बनतंय, दुसरा म्हणतो काही बनत नाही. समुद्र कुठं आन आम्ही कुठं, मग आम्ही नेमकं बघायचं काय? (एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर: भाऊ, चक्रीवादळ बनतंय का नाही यावर तुमची सोयाबीन अवलंबूनच नाही. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकीनाड्याजवळ जे किनाऱ्यावर आलं ते नुसतं डीप डिप्रेशन होतं, म्हणजे कमी दाबाच्या पट्ट्यापेक्षा जोरदार पण चक्रीवादळाच्या एक पायरी खाली, वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर जात नाही तोवर नाव मिळत नाही म्हणून त्याला नावसुद्धा नव्हतं, तरी तेच तेलंगणातून इकडं आलं आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव)-सोलापूरकडं पावसानं काय झालं ते तुम्ही बघितलंय. पुढच्याच वर्षी गुलाब चक्रीवादळ, २६ सप्टेंबरला संध्याकाळी आंध्रातच कलिंगपट्टणमजवळ धडकलं, जमिनीवर आल्यावर जोर गेला पण पाणी तसंच होतं, २७-२८ ला मराठवाडा धुवून काढला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. म्हणजे किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला एक-दीड दिवस, हातात असतो तो एवढाच.

आता बघायचं काय. वादळ बनायला समुद्राचं पाणी गरम लागतं, साधारण साडेसव्वीस अंशाच्या वर, पण ह्या दिवसांत उपसागर तेवढा गरम असतोच त्यामुळं त्यावरनं काही कळत नाही. खरी गोष्ट वरच्या वाऱ्याची. खालचं वारं एकीकडं आणि वरचं जोरात दुसरीकडं असलं की ढग एका बाजूला ढकलले जातात, सिस्टीम उभीच राहत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये एवढे कमी दाब येऊनही वादळं क्वचितच होतात ती यामुळंच. ऑक्टोबरात हे वरचं वारं मंदावतं. म्हणून सॅटेलाईटचा एकच फोटो बघून घाबरू नका, सकाळचा आणि संध्याकाळचा शेजारी ठेवून बघा: ढगांचा गठ्ठा एकाच जागी टिकलाय का, कडेचे पट्टे वळायला लागलेत का. विस्कटून परत दुसरीकडं जमत असेल तर अजून दम नाही.

हवामान खातं रोज उपसागराचा अंदाज काढतं, पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन बनायची शक्यता शून्य, कमी, मध्यम का जास्त ते त्यात दिवसवार असतं. मी तेच बघतो. दहा दिवसांपुढचे रंगीत नकाशे जे फॉरवर्ड होतात ते दर सहा-बारा तासाला बदलतात, त्यावर मजूर लावू नका. शक्यता मध्यमची जास्त झाली आणि रस्ता उत्तर आंध्राकडनं पश्चिमेला दाखवला की मात्र हडंब्याची वाट बघू नका, उंचवट्यावर गंजी लावा, भोवती चर काढा, ताडपत्रीची कडा वाऱ्याच्या बाजूनं मातीत दाबा.

फक्त ओली गंजी लावू नका हो. २०२१ ला मी घाईत भिजलेलीच रचली होती, चौथ्या दिवशी आत कोपरापर्यंत हात घातला तर चहाच्या पातेल्यासारखं गरम लागलं, शेंगा फोडल्या तर दाण्याला पांढरे मोड. तुमची आज वाळलेली असेल तर आजच गोळा करा, वर आभाळ मोकळं असलं तरी.