जाम इंजिन आधी, कापाकापी नंतर

कित्येक वर्षे शेडमध्ये उभी असलेली, १९६०च्या दशकाच्या आरंभीची ५०० सीसीची ब्रिटिश ट्विन-सिलिंडर मोटारसायकल आपल्या हाती आली आहे, इंजिन जाम आहे आणि घरीच तिची कॅफे रेसर (खालचे हँडल, मागे नेलेले पायदान अशी जुन्या शर्यतीच्या ढंगाची गाडी) करायची आहे. तेव्हा चेसिसचा मागचा भाग कापून, रंगकाम उरकून मग इंजिनाकडे वळावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. गाडी आधी आहे तशी, गंजक्या टाकीसह आणि फाटक्या सीटसह, चालती करावी आणि थोडी फिरवून पाहावी. चेसिस वाकली आहे का, गिअर सुटतो का, पुढचा फोर्क एका बाजूला ओढतो का, हे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. आणि रंगानंतर कळले, तर तोच रंग खरवडून वेल्डिंग करावे लागते. चकचकीत टाकी आणि सुट्या भागांची खोकी एवढ्यावरच अडकलेली कामे मी बरीच पाहिली आहेत.

जाम इंजिनावर किक मारू नये. पिस्टन सुटण्याआधी किकचे दाते तुटतात, आणि ते मिळवणे पिस्टन मिळवण्याहून सोपे नसते. दोन्ही स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे पातळ तेल ओतावे आणि काही दिवस तसेच राहू द्यावे, मधूनमधून भर घालावी. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढेमागे करावे. या ट्विनचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होत असल्यामुळे एक अडकला तरी दोन्ही अडकतात, म्हणून तेल दोन्हीकडे हवे. तरीही हलले नाही, तर हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून अलगद ठोकावे. लोखंड थेट लावू नये.

इंजिन फिरू लागले की नवे तेल ओतून लगेच सुरू करण्याचा मोह होतो, पण खरा धोका तिथेच आहे. या इंजिनांच्या क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यात, एक पोकळ नळी असते. बिग एंडकडे (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडला जातो तिथल्या बेअरिंगकडे) जाणारे तेल तिच्यातून जाते आणि फिरण्याच्या वेगाने तेलातील जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन तिच्यात साठतात. त्या काळी आजच्यासारखे बारीक गाळणारे फिल्टर या गाड्यांना नसत, त्यामुळे गाळ धरून ठेवण्याचे काम या नळीवरच होते. अनेक वर्षांनंतर ती उघडली की आत मेणासारखा घट्ट, काळसर-राखाडी थर निघतो आणि कधीकधी तेलासाठी जेमतेम सुईएवढी वाट उरलेली असते. आजचे डिटर्जंटयुक्त तेल हा थर सैल करते. सुटलेला तुकडा तेलाच्या छिद्रात बसला की बिग एंड कोरडा पडतो. म्हणून इंजिन पूर्ण उघडून नळी साफ करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. तिच्या तोंडाशी आट्यांचा प्लग असतो आणि तो फिरू नये म्हणून कडेला पंच मारलेला असतो. पंचाची ती खूण ड्रिलने काढल्याशिवाय पेचकस लावल्यास प्लगचीच खाच फाटते. काही इंजिनांत फ्लायव्हीलचा एक बोल्ट ही नळी जागेवर धरून ठेवतो, तो आधी काढावा लागतो. इंजिन उघडलेच आहे तर सिलिंडरची झीज वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून घ्यावी. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणे) करायचे की नाही, हा निर्णय मोजमापाने व्हावा, नजरेने नव्हे.

हाती येईल तो पाना कोणत्याही नटावर चढवू नये. या गाड्यांत १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल आटे असे इंची मापाच्या जुन्या ब्रिटिश आट्यांचे प्रकार एकाच वेळी आढळतात. व्हिटवर्थ व बीएसएफ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिकचा ६०. सायकल आट्यांचा कोनही ६० अंशांचाच, पण त्यांतील बहुतेक इंचाला २६ आटे या दराने कापलेले असतात. मेट्रिक बोल्ट दोन फेरे आत जातो, माणसाला वाटते बसला, आणि अॅल्युमिनियमच्या केसमधले आटे तिथेच संपतात. आट्यांचे मापक घेतल्याशिवाय एकही बोल्ट बदलू नये. वायरिंगही असेच फसवते, कारण बॅटरीचा धन टोक चेसिसला जोडलेला असतो. सवयीने ऋण टोक जोडल्यास रेक्टिफायर (बॅटरीसाठी एकदिश प्रवाह करून देणारा भाग) जळू शकतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायचे असल्यास ते या जोडणीला चालते का, हे आधी पाहावे.

टाकीतील गंज धुण्याचा सोडा आणि विद्युतप्रवाह वापरून घरी काढता येतो, मात्र धन टोकाला साधे लोखंड लावावे. स्टेनलेस स्टील लावल्यास क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ही क्रिया हायड्रोजन सोडते, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे तंतू) असण्याची शक्यता धरून ड्रममधील धूळ हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता कॅफे रेसरविषयी. अशा अनेक गाड्यांत चेसिसचा मागचा भाग बोल्टने जोडलेला असतो. तसे असेल तर कापण्याची गरजच नाही. त्याच मापाचा दुसरा भाग बनवून घ्यावा आणि मूळ भाग जपून ठेवावा. मूळ धातूला करवत लावणे मला स्वतःला पटत नाही. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तो कापलेला तुकडा कुठून आणणार? खालचे हँडल लावल्यावर ते पूर्ण वळवून टाकीला लागते का आणि केबल ताणल्या जातात का, हे पाहावे. पायदान मागे नेल्यावर गिअरचा लिव्हर उलट्या दिशेने बसवला, तर गिअरचा क्रमही उलटतो. मागे उंच शॉक अॅब्सॉर्बर लावून ऐट येते, पण स्टेअरिंगचा कोन उभा होऊन ट्रेल (स्टेअरिंगच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तो बिंदू आणि चाक टेकते ती जागा यांतील अंतर) कमी होतो आणि वेगात गाडी अस्थिर होते. उघडे एअर फिल्टर लावल्यास पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ पडते, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र) पुन्हा ठरवावा लागतो. सायलेन्सरला पट्टी गुंडाळण्याची पद्धत मात्र सोडूनच द्यावी. तिच्यात ओल धरून पाइप गंजतो.

पहिल्यांदा सुरू करताना पॉइंटचा (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.३८ मिमी ठेवावा आणि इंजिन सुरू होताच तेलाच्या टाकीचे झाकण उघडून परतीच्या नळीकडे पाहावे. तेल हवेच्या बुडबुड्यांसह झटक्याझटक्याने परत येत असेल तर पंप काम करतो आहे. अर्ध्या मिनिटात तेल दिसले नाही, तर इंजिन बंद करून आधी पंपाचे चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) तपासावेत. पहिल्या थोड्या फिरण्यानंतर इंजिन पूर्ण थंड झाले की हेडचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळावेत, मग टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप नव्याने लावावा, आणि पहिले तेल लवकर बदलावे.